आरोग्यासाठी बक्षीस की दंड? ग्रामपंचायतीने लाखभर रुपये कुठे घालावेत?

सह्यवारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

लोकांनी तब्येतीला बरं तेच करावं म्हणून सरकारपुढे दोन रस्ते असतात. केलंत तर काही देऊ, नाही केलंत तर काही घेऊ. आपल्याकडे दोन्हींचे प्रयोग भरपूर झालेत. दवाखान्यात बाळंतपण झालं की जननी सुरक्षा योजनेचे पैसे, शौचालय बांधलं की १२,०००, टीबीच्या रुग्णाला महिन्याला १,०००. दुसऱ्या बाजूला २०१२ पासून गुटखाबंदी, सार्वजनिक ठिकाणी बिडी-सिगारेट ओढली तर २०० रुपयांपर्यंत दंड, कोविडात मास्क नसेल तर पावती.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे झोडपायला सोपं जाईल. एकदाच किंवा मोजक्या वेळा करायच्या गोष्टीला बक्षीस लागू पडतं. लस, बाळंतपण, औषधांचा कोर्स. रोजच्या सवयीला बक्षीस पुरत नाही, तिथे किंमतच वाढवावी लागते, आणि ती बनवणाऱ्याच्या किंवा विकणाऱ्याच्या दारात. सामान्य माणसाच्या खिशातून घेतलेला दंड कुठेच फारसं काही साधत नाही.

आता प्रश्न. समजा ३,००० वस्तीच्या गावाने स्वनिधीतून वर्षाला १ लाख रुपये आरोग्यासाठी बाजूला काढले. आरोग्य शिबिराचा मांडव आणि फ्लेक्स सोडून हे पैसे कुठे घालाल? स्वतःचे किस्से नकोत. कुठली योजना कशी चालते, कुठे अडते आणि का, तेवढं लिहा.

आकडेमोड

डाळ घ्या. अगदी गंभीरपणे सांगतोय.

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेबरोबर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी १३४ गावांत प्रयोग केला. २०१० साली तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. ७४ गावांत काहीच नवीन केलं नाही. ३० गावांत दर महिन्याला न चुकता लसीकरण शिबिर. उरलेल्या ३० गावांत तेच शिबिर, वर प्रत्येक लसीला १ किलो डाळ आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर स्टीलच्या ताटांचा संच.

१ ते ३ वयाच्या मुलांत पूर्ण लसीकरण अनुक्रमे ६, १८ आणि ३९ टक्के.

खरी गंमत खर्चात आहे. एका मुलाच्या पूर्ण लसीकरणाचा खर्च डाळ देऊन २८ डॉलर आला, डाळ न देता ५६. कारण शिबिराचा मोठा खर्च परिचारिकेचा पगार आणि गाडी हाच असतो. चार मुलं आली काय आणि वीस आली काय, तो तेवढाच. डाळीमुळे रांग वाढली आणि तो खर्च जास्त मुलांत वाटला गेला.

किलोभर डाळीसाठी कोणी मत बदलत नाही. लसीला ठाम विरोध असलेला बाप डाळ बघून येत नाही. पण ज्यांचा विरोध नसतो, नुसतं "पुढच्या महिन्यात बघू" चाललेलं असतं, त्यांना आजच यायला एक कारण मिळतं.

मिसळपंत

तूरडाळीचा भाव बघता नातवाला कडेवर घेऊन आजोबाच रांगेत पहिले उभे राहतील. :)

रेवाताई

@आकडेमोड, आकडे बरोबर, पण ते दोन्ही बाजूंनी वाचा. डाळ देऊनही ६१ टक्के मुलं अपुरीच राहिली. आणि ६ वरून १८ ही तिप्पट वाढ डाळीशिवायच झाली, परिचारिका ठरल्या दिवशी हजर राहिली एवढ्यावर. म्हणजे आधी सेवा, मग आमिष. हा क्रम उलटा केला की लोक येतात, दाराला कुलूप बघतात आणि पुन्हा फिरकत नाहीत.

महाराष्ट्रातली स्थिती उदयपूरसारखी नाही. अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस ठरलेला असतो, बहुतेक मुलं पहिल्या लसी घेतात. सुटतात ती नंतर. वेळापत्रक बघा: जन्मतः, मग ६, १०, १४ आठवडे, मग थेट ९ महिने, मग १६ ते २४ महिने. १४ आठवड्यांनंतर साडेपाच महिन्यांची फट आहे आणि ९ महिन्यांनंतर त्याहून मोठी. आई कामाला लागलेली असते, मूल धडधाकट दिसत असतं. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि बूस्टर इथेच राहून जातात. बक्षीस द्यायचंच तर याच दोन टप्प्यांना द्या. जन्माच्या लसीला बक्षीस म्हणजे जे होणारच होतं त्याचे पैसे.

दुसरं, ऊसतोड. दिवाळीच्या आगेमागे निघालेलं कुटुंब उन्हाळ्याच्या तोंडावर परततं. बक्षीस "आमच्याच अंगणवाडीत घेतली तरच" अशा अटीचं असेल तर कारखान्याच्या तळावर लस घेतलेलं मूल बाद. माता-बाल संरक्षण कार्डावरची नोंद ग्राह्य धरा, मग लस कुठेही घेतलेली असो.

नियमपुस्तक

रोख पैशांच्या योजना कुठे अडतात त्यावर लिहितो, कारण ग्रामपंचायतीने त्याच चुका करू नयेत.

जननी सुरक्षा योजना एप्रिल २००५ ची. महाराष्ट्र "चांगली कामगिरी" असलेल्या राज्यांत मोडतो, म्हणून इथे ग्रामीण आईला ७०० आणि शहरी आईला ६००, तेही दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींपुरतं. बिहार-उत्तर प्रदेशात ग्रामीण आईला १,४०० आणि सगळ्यांना. मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला ५,०००. आधी ते तीन हप्त्यांत मिळायचे, आता ३,००० आणि २,००० अशा दोन. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकरकमी.

पैसे अडण्याची कारणं नेहमीची आहेत:

आधार कार्डावर माहेरचं नाव, बँकेत सासरचं. पोर्टलला ही दोन माणसं वाटतात.

पैसे तुम्ही दिलेल्या खातेक्रमांकावर जात नाहीत, आधारशी शेवटचं जोडलेल्या खात्यावर जातात. बऱ्याचदा ते कधीतरी शिबिरात उघडलेलं आणि विसरलेलं खातं असतं. बाई पासबुक भरून आणते, नोंद नाही, मग अंगणवाडीत येऊन भांडते. पैसे मात्र दुसऱ्याच बँकेत पडून असतात.

पहिलं बाळंतपण माहेरी. गरोदरपणाची नोंद सासरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, बाळंतपण माहेरच्या तालुक्यात. नोंद तिकडून इकडे सरकली नाही तर पुढचा हप्ता थांबला.

यातला प्रत्येक अडथळा दोन-चार महिने खातो. दवाखान्यात जायचं ठरलं त्या दिवशी हातात पैसे नसतील तर ते प्रोत्साहन राहत नाही. उशिरा मिळालेली मदत होते, आणि मदत म्हणून ती चांगलीच आहे, पण त्या पैशांनी कोणाचं वागणं बदललं असं म्हणता येणार नाही.

आकडेमोड

@नियमपुस्तक, पूर्ण सहमत. उदयपूरला डाळ सुई टोचल्या टोचल्या तिथेच मिळत होती. तुमच्या प्रतिसादातून तेच निघतं.

जननी सुरक्षाबद्दल जोड देतो. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली यावर सगळ्यांचं एकमत आहे. अर्भकं वाचली का, यावर नाही. २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाला मृत्यू कमी झालेले दिसले, नंतर योजना जिल्ह्याजिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने कशी सुरू झाली त्यावरून तुलना केली तेव्हा परिणाम तितका ठळक निघाला नाही. दवाखान्यात पोचलेल्या बाईला तिथे रक्त, भूल, रात्रीचा डॉक्टर मिळाला नाही तर पैसे "दारातून आत येण्याचे" ठरले.

गोदाकाठ

आशाताईंना कसं विसरलात? जननी सुरक्षेत आईइतकाच आशेचा मोबदला महत्त्वाचा आहे. ग्रामीण भागात ६००, त्यातले ३०० तपासण्या पूर्ण करून घेतल्याचे आणि ३०० दवाखान्यात नेल्याचे. नवजात बाळाच्या घरभेटींना २५० वेगळे: दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी, घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात.

बारकाईने बघा, आशेच्या वहीत ज्या कामापुढे रक्कम आहे ते काम होतं. ज्याच्यापुढे रक्कम नाही, म्हणजे मशेरी सोडवणं, वयस्क माणसाची बीपीची गोळी चालू आहे का बघणं, ते मागे पडतं. दोष तिचा नाही, वही लिहिणाऱ्याचा. गावाने लाखातले काही पैसे आशेच्या एखाद्या बिनमोबदल्याच्या कामाला लावावेत, असं माझं मत.

विदर्भी_संत्रा

तंबाखूवर कोणी बोललंच नाही अजून.

महाराष्ट्रात तंबाखू म्हणजे सिगारेट नव्हे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यात ओढणारे ३.८ टक्के आणि बिनधुराचा तंबाखू घेणारे २४.४ टक्के निघाले. सगळे मिळून २६.६, त्याआधीच्या २००९-१० च्या फेरीत ३१.४ होते. घट झाली आहे, नाही असं नाही. पण धोरण सगळं पाकिटाभोवती फिरतं आणि आमच्याकडचा तंबाखू पाकिटात नसतोच.

खर्रा घ्या. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरकडच्या पानठेल्यावर बघा: सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, कात, प्लास्टिकच्या पन्नीत टाकून हातानं घोटून घोटून ओलसर करतात आणि पुडी बांधून देतात. यावर ८५ टक्के जागेतलं कर्करोगाचं चित्र कुठे छापणार? कर कशावर लावणार, घोटण्यावर? सुपारी वेगळी येते, तंबाखू वेगळा येतो, गिऱ्हाइकासमोर एक होतात.

मशेरीचंही तसंच. पानाचा तंबाखू घरच्या तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, हातानं चुरायचा, डबीत भरून ठेवायचा. दात घासायला म्हणून सकाळी, मग दुपारी, मग "पोट साफ होत नाही" म्हणून संध्याकाळी. विकणारा फक्त तंबाखूचं पान विकतो. दंड कोणाला?

म्हणून धागाकर्त्यांचं "किंमत विकणाऱ्याच्या दारात वाढवा" हे पाकीटबंद मालालाच लागू पडतं.

नियमपुस्तक

गुटखाबंदीचा कायदा नेमका कसा आहे ते इथेच सांगून टाकतो. २०१२ च्या जुलैत अन्नसुरक्षा कायद्याखाली आदेश निघाला. हा आदेश एका वर्षापुरताच काढता येतो, म्हणून दरवर्षी नव्याने काढतात. अन्नपदार्थात तंबाखू-निकोटीन नको या नियमावर तो उभा आहे. कंपन्यांनी पळवाट काढली ती देशभर: पानमसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी, दोन्ही एकत्र लटकवलेल्या. ती बुजवायला महाराष्ट्राच्या आदेशात पानमसाला, सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही घ्यावी लागली. बंदी राज्यापुरती असते आणि गाड्या सीमा ओलांडून येतात, हे दुखणं वेगळंच.

सुट्या सिगारेटचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुटी सिगारेट-बिडी विकायला बंदी केली. कारण साधं आहे. सुटी घेणाऱ्याला पाकिटावरचं चित्र दिसत नाही, आणि पाकिटामागे वाढलेला कर एका कांडीवर रुपया-दोन रुपये होऊन विरून जातो. कर वाढवायचा आणि सुटी विक्री चालू द्यायची, म्हणजे कराची निम्मी धार गेली. अंमलबजावणी किती होते ते कुठल्याही टपरीवर उभं राहिलं की कळतं.

शाळेपासून १०० यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटर, तंबाखू विकायला मनाई आहे. मोडली तर दंड किती? २०० रुपयांपर्यंत. अर्ध्या दिवसाचा गल्लादेखील नाही. याउलट बालन्याय कायद्याच्या कलम ७७ खाली मुलाला तंबाखू दिला तर ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. शाळेजवळ मुलालाच विकला तर कृत्य एक, कायदे दोन, आणि पावती फाटते ती २०० ची.

कोकणी_पावणो

गोव्याने १९९७ सालीच सार्वजनिक जागी धूम्रपान आणि थुंकणं या दोन्हींवर कायदा केला आणि गुटखाही बराच आधी बंद केला. विदर्भी_संत्रा यांनी दिलेल्या त्याच सर्वेक्षणात गोव्याचा आकडा ९.७ टक्के आहे. राज्य लहान आहे, शिक्षण जास्त आहे, सगळं श्रेय कायद्याला देता येणार नाही. पण लवकर सुरुवात केली याला काही किंमत आहेच.

टेम्सकाठी

करावर विलायतेतलं उदाहरण देते, कारण तिथे कर लोकांवर नव्हे, बाटलीतल्या साखरेवर लावला.

२०१६ च्या मार्चमध्ये घोषणा, एप्रिल २०१८ पासून लागू. १०० मिलीला ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर काहीच नाही. ५ ते ८ ग्रॅमला सुरुवातीला लिटरमागे १८ पेन्स होते, ८ च्या वर २४ पेन्स. मधली दोन वर्षं मुद्दाम दिलेली होती. त्या काळात कितीतरी कंपन्यांनी आपली पेयं ५ च्या खाली आणली. गिऱ्हाईक तेच, दुकान तेच, बाटली तीच, साखर कमी. कोणालाही सवय बदलावी लागली नाही. कराचं यश हे की तो फारसा भरावाच लागू नये.

मेक्सिकोने २०१४ पासून दुसरी रीत धरली: साखर कितीही असो, गोड पेयाला सुरुवातीला लिटरमागे १ पेसो. पहिल्या वर्षी खरेदी सरासरी ६ टक्के उतरली.

डेन्मार्कने २०११ च्या ऑक्टोबरात संपृक्त चरबीवर कर लावला आणि २०१३ उजाडताच काढून टाकला. लोणी, चीज, मांस सगळंच त्यात आलं, हिशोब किचकट झाला आणि लोक सीमेपलीकडे जर्मनीत जाऊन खरेदी करू लागले.

आकडेमोड

@टेम्सकाठी, आता हेच आपल्या जीएसटीला लावून बघा. फसफसणाऱ्या गोड पेयांवर आधी २८ अधिक १२ टक्के उपकर होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून सरळ ४०. ऐकायला जबरदस्त. पण कर किमतीवर आहे, साखरेवर नाही. त्याच कंपनीचं बिनसाखरेचं पेयही ४० टक्क्यांतच. मग साखर कमी करून कंपनीला मिळणार काय? शिवाय मोठी बाटली लिटरमागे स्वस्त, म्हणजे तिच्यातल्या साखरेवर कर कमी पडतो.

आणि आंब्याचं साखर घातलेलं, पण न फसफसणारं पेय? त्याच दिवशी १२ वरून ५ टक्क्यांवर आलं. शरीराला बुडबुड्यांनी काय फरक पडतो? हा कर महसुलासाठी आहे, आरोग्यासाठी आखलेला नाही.

मिसळपंत

उसाच्या रसावर कोणी हात टाकू नका एवढीच विनंती.

गोदाकाठ

माझा कराला तात्त्विक विरोध आहे. गरिबाच्या उत्पन्नातला मोठा हिस्सा असल्या बारीकसारीक गोष्टींवर जातो, श्रीमंताला फरकच पडत नाही. म्हणजे शिक्षा गरिबालाच.

टेम्सकाठी

@गोदाकाठ, मुद्दा रास्त आहे. पण किंमत वाढली की खरेदी सर्वांत जास्त कमी करतो तोही कमी उत्पन्नाचाच माणूस. मेक्सिकोत सरासरी घट ६ टक्के होती, तेव्हा गरीब घरांत ९. हृदयविकार, कर्करोग यांचा खर्चही त्याच घरांना बुडवतो. अट एकच, जमलेला पैसा त्याच लोकांच्या दवाखान्यात गेला पाहिजे.

विदर्भी_संत्रा

आणि गरिबाची काळजी म्हणून जे केलं जातं तेही बघा. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर उपकर लागला, बिडीवर नाही. २०२५ च्या फेरबदलात तर बिडीचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरलं. कारण सांगतात बिडी कामगारांचं, आणि सोलापूर, सिन्नर, गोंदियातल्या बायांच्या पोटाचा प्रश्न खराच आहे. पण मग त्यांना दुसरं काम द्या, मजुरी वाढवा. ज्या माणसाला सगळ्यांत कमी दवाखाना परवडतो त्याचाच धूर स्वस्त ठेवणं ही दया नाही.

दखनी_वारू

धागाकर्त्यांनी "सवयीला बक्षीस पुरत नाही" असं ठाम लिहिलंय, ते तपासून घ्या. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या ८७८ कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला, २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. सिगारेट सोडून सोडलेली ठेवली तर टप्प्याटप्प्याने ७५० डॉलरपर्यंत. बक्षीसवाल्यांत १४.७ टक्क्यांनी सोडली, नुसती माहिती दिलेल्यांत ५ टक्क्यांनी. बक्षीस संपल्यानंतर ९.४ विरुद्ध ३.६. म्हणजे काही घसरले, तरी फरक टिकला.

२०१५ मध्ये त्याहून मजेदार निष्कर्ष आला. एका गटाला ८०० डॉलर बक्षीस. दुसऱ्याने स्वतःचे १५० अनामत ठेवायचे, सुटली तर ते परत आणि वर ६५०, नाही सुटली तर १५० गेले. बक्षिसाला ९० टक्के लोक तयार झाले, अनामतीला जेमतेम १४. पण जे अनामतीलाही तयार झाले असते अशांत अनामत जास्त चालली. गेलेला पैसा जास्त टोचतो, म्हणून दंड प्रभावी. पण दंडाला स्वतःहून कोणी येत नाही.

सह्यवारा (धागाकर्ता)

@दखनी_वारू, बरं झालं लिहिलंत, मुद्दा मान्य. पण सोडली की नाही हे ठरवलं कसं?

दखनी_वारू

लाळेत किंवा लघवीत कोटिनिन मोजून. निकोटीनचं शरीरात जे होतं ते कोटिनिन, काही दिवस सापडतं. गावपातळीवर अडचण हीच आहे. तपासणीशिवाय "सोडली" या शब्दावर पैसे दिले की खोटं बोलायचं बक्षीस होतं, आणि दर महिन्याला प्रत्येकाची तपासणी करायची तर बक्षिसाइतकाच खर्च तपासणीवर. शिवाय ज्याने कधी तंबाखूला हातच लावला नाही तो विचारणार, मला काय?

रेवाताई

बक्षिसाने बिघडणाऱ्या गोष्टीही असतात. रक्तदान बघा. पैसे घेऊन रक्त देणारे आजार लपवतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदात्यांवर देशभर बंदी आली. चहा-बिस्किटं, प्रमाणपत्र, बिल्ला चालतो. भारी भेटवस्तू लावली की दात्याला तपासणीच्या प्रश्नांना खरं उत्तर द्यायचं कारण उरत नाही. जिथे माणसाचं खरं बोलणं हीच सुरक्षेची पहिली पायरी आहे, तिथे आमिष नको.

पुणेरी_पाटी

हेल्मेटसक्तीबद्दल कोणीच कसं बोलत नाही?

मिसळपंत

कारण धागा ५०० प्रतिसादांवर जाईल आणि सह्यवारांचे लाख रुपये तसेच राहतील. वेगळा धागा काढा, पहिला मी येतो.

नियमपुस्तक

लोकलचं उदाहरण मात्र घेण्यासारखं आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबई लोकलला दुसरा डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांनाच प्रवेश होता. इथे जबरदस्ती चालली, कारण तिकीट खिडकीवर प्रमाणपत्र बघता येत होतं आणि लोकलशिवाय पोट भरत नाही. अन्याय झाला तो लस मिळत नव्हती त्यांच्यावर. पुरवठा तुटपुंजा असताना अट घातली की शिक्षा रांगेत उभं राहणाऱ्याला होते.

आकडेमोड

त्याच काळात अमेरिकेत ओहायो राज्याने लस घेणाऱ्यांसाठी दहा-दहा लाख डॉलरच्या सोडती काढल्या. नंतरच्या अभ्यासात लसीकरण वाढल्याचा पुरावा सापडला नाही. स्वीडनमध्ये मात्र खात्रीचे २०० क्रोनर दिले तर ४.२ टक्के गुणांनी वाढ. ग्रामपंचायतीने "भाग्यवान विजेत्याला मिक्सर" हा मोह टाळावा.

गोदाकाठ

शौचालयाचे १२,००० पण इथे बसतात. केंद्राचे ७,२००, राज्याचे ४,८००, आणि पैसे बांधल्याच्या फोटोवर. फोटोत भांडं, दार, लाभार्थी दिसला की काम झालं. वापराला एक पैसाही नव्हता. म्हणून कितीतरी ठिकाणी त्यात गोवऱ्या आणि सरपण गेलं. दोन शोषखड्ड्यांचा नमुना स्वस्त आणि चांगला: एक भरला की मधल्या चेंबरमधून प्रवाह दुसऱ्याकडे वळवायचा, पहिल्यातलं दीड-दोन वर्षांत खत होतं. पण लोकांना वाटतं खड्डा लगेच भरेल, मग मोठी टाकी बांधायला निघतात, पैसे संपतात, काम जोत्यावर राहतं.

त्याच्या उलट २००० साली सुरू झालेलं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान. तिथे बक्षीस घराला नाही, गावाला होतं. म्हणून शेजारी शेजाऱ्याला सांगायचा. अडचण एकच, तपासणी समिती जाईपर्यंतच रस्ते झाडलेले.

विदर्भी_संत्रा

गावाने ठरवायचं म्हणाल तर दारूबंदीचं मतदान हे सगळ्यांत कडक हत्यार आहे. २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज दिला की गुप्त मतदान होतं, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. मात्र बाटली आडवी व्हायला झालेल्या मतांच्या नव्हे, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. घरी राहिलेली बाई आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. म्हणून मतदान पेरणी-कापणीच्या दिवसांत पडलं की हरलंच समजा. दुकान बंद झाल्यावर गावठी दारू वाढू नये यासाठी वेगळी पाळत लागते ती लागतेच.

शांतारस

वाचतेय. टीबीचं कोणी लिहाल का?

रेवाताई

@शांतारस, लिहिते, कारण माझ्या मते लाखातला मोठा वाटा तिथे जावा.

निक्षय पोषण योजना २०१८ पासून, महिन्याला ५००. नोव्हेंबर २०२४ पासून १,०००. निदान झाल्यावर ३,००० आगाऊ आणि ८४ दिवसांचे उपचार झाल्यावर पुढचे ३,०००. यात बक्षिसापेक्षा जेवण जास्त आहे. झारखंडमधल्या "रेशन्स" अभ्यासात, २०२३ च्या लॅन्सेटमध्ये तो आला, रुग्णाच्या घरातल्या माणसांना महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ आणि जोडीला जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नवे टीबीचे रुग्ण ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे रुग्णाच्या ताटाबरोबर घरच्यांचंही ताट भरलं तर आजार पुढे जात नाही.

सरकारी पैसे रुग्णापुरतेच आहेत. घरच्यांसाठी गावाने भर घालावी. ग्रामपंचायतीला "निक्षय मित्र", म्हणजे टीबी रुग्णांना पोषणासाठी मदत करणारी संस्था, म्हणून नोंदणी करता येते. प्रौढाच्या मासिक शिध्याच्या टोपलीचं ठरलेलं माप आहे: ३ किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल, आणि १ किलो दूध पावडर किंवा शेंगदाणे. एक पथ्य पाळा. वाटपाचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. टीबी झालाय हे गावभर झालं की पुढचा माणूस खोकला लपवतो आणि तपासणीला येत नाही.

सह्यवारा (धागाकर्ता)

सगळ्यांचं वाचून हिशोब मांडतो, चुकत असेल तर सांगा.

३,००० वस्तीत वर्षाला साधारण ४५ जन्म. ९ महिन्यांच्या लसीला १ किलो डाळ, १६ ते २४ महिन्यांच्या डोसला १ किलो डाळ आणि ताट-वाटीचा संच. मुलामागे ५५० धरले तर जवळपास २५,०००. टीबीचे वर्षाला ५-६ रुग्ण, घरात सरासरी चार माणसं. घरच्यांसाठी तांदूळ-डाळ आणि रुग्णाची टोपली मिळून घरटी महिन्याला १,२०० ते १,५००, सहा महिने. म्हणजे ५०,००० च्या आतबाहेर. उरलेल्या २५,००० पैकी आशेच्या बिनमोबदल्याच्या एका कामाला महिना १,०००, म्हणजे १२,०००. शाळेभोवती १०० यार्डांची पिवळी रेघ आणि फलक. बाकी शिल्लक.

वैयक्तिक दंड शून्य. शाळेजवळच्या टपरीला मात्र ग्रामसभेचा ठराव करून पोलिसांत पत्र, कलम ७७ चा उल्लेख करून.

तंबाखू सोडण्याला रोख बक्षीस ठेवायचं नाही असं मी म्हणतोय, तपासणीच्या अडचणीमुळे.

विदर्भी_संत्रा

टपरीवाल्याला पत्र देण्याआधी रेघेबाहेरची जागा दाखवा. नाहीतर तो उद्या शाळेच्या मागच्या गल्लीत दिसेल आणि माल खिशातून विकेल. भाडं गावाकडे असेल तर रेघेबाहेर बिनतंबाखूच्या टपरीला वर्षभर भाडं कमी करा. इथे बक्षीस विकणाऱ्याला, आणि तपासायला सोपं: माल दिसतो किंवा दिसत नाही.

गोदाकाठ

+१. आशेचे १,००० कशाला लावणार तेही आत्ताच ठरवा. माझी सूचना बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत का याच्या घरभेटी. "जनजागृती" असं मोघम लिहिलं की सह्यांचं रजिस्टर भरेल आणि भेटी होणार नाहीत.

नियमपुस्तक

दोन व्यवहारी गोष्टी. डाळ वर्षाची एकदम घेऊ नका, किडते. तीन महिन्यांची घ्या, तीन दरपत्रकं मागवा, किलोकिलोच्या सीलबंद पिशव्या घ्या म्हणजे वाटताना मापावरून वाद नाही. आणि वाटप अंगणवाडीतच, लस टोचल्यावर कार्डावर नोंद झाली की लगेच. ग्रामपंचायत कार्यालयात "सोमवारी या" असं केलंत तर माहेरच्या नावाची आणि आधारची सगळी कटकट मागच्या दाराने परत येईल.

रेवाताई

आणि ऊसतोडीला गेलेल्या घरांच्या पिशव्या वेगळ्या काढून ठेवा. ती मुलं परतल्यावर कार्ड दाखवतील, तेव्हा "साठा संपला" असं उत्तर मिळायला नको. निघण्याआधी त्या घरांची यादी अंगणवाडीताईंकडून घ्या, कोणत्या मुलाचा डोस कोणत्या महिन्यात येतो ते लिहून. ज्यांचा डोस नोव्हेंबर-डिसेंबरात पडतो पण वय आधीच भरतंय, त्यांना निघायच्या आधीच्या सत्रात बोलावून घ्या.